महिनाभर वॉर्डात राहायचंय: ब्लड कॅन्सरच्या पहिल्या केमोआधी घरच्यांनी करायची तयारी

"उद्या सकाळी ॲडमिट करा. महिनाभर तरी राहावं लागेल." डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्याकडे एक हँडबॅग होती आणि तिच्यात दोन दिवसांचे कपडे. धाकट्या भावाला पंधरा दिवस ताप येत होता, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. इस्लामपुरातल्या लॅबचा रिपोर्ट बघून तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. निदान झालं ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचं, म्हणजे एएमएल. त्यानंतर आम्ही सलग चौतीस दिवस वॉर्डात होतो.

त्या रात्री मी बॅगेची यादी करत बसलो. टॉवेल किती, बनियन किती. आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, बॅग सगळ्यात शेवटी भरा. टॉवेल रुग्णालयाच्या दारातही मिळतो. रात्री अडीच वाजता प्लेटलेट द्यायला येणारा माणूस, आठव्या दिवशी तुम्हाला सोडवायला येणारा माणूस, गावाकडे पोरीला शाळेत पोचवणारा माणूस दारात मिळत नाही. आधी ही माणसं जमवा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मी डॉक्टर नाही. इथे जे आहे ते एका नातेवाइकाचं शहाणपण आहे. तुमच्या वॉर्डाचे नियम आणि तुमच्या डॉक्टरांचा शब्द याच्या वर.

आधी महिना कसा जाणार ते समजून घ्या

एएमएलच्या पहिल्या केमोला इंडक्शन म्हणतात. तिचा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा प्रकार म्हणजे 'सात आणि तीन': सायटाराबिन सात दिवस चोवीस तास सलाईनमधून, आणि डॉनोरुबिसिन पहिले तीन दिवस. म्हणजे औषध आठवड्यात संपतं. मग उरलेले तीन आठवडे कशाला, हा प्रश्न आमच्या घरातल्या प्रत्येकाने फोनवर विचारला.

उत्तर असं की औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं. साधारण दुसऱ्या आठवड्यात 'काउंट पडतात'. पांढऱ्या पेशी जवळपास संपतात, रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट खाली जातात, हिमोग्लोबिन उतरतं. पांढऱ्या पेशींतला जंतूंशी लढणारा भाग म्हणजे न्यूट्रोफिल. त्यांचा आकडा, वॉर्डाच्या भाषेत 'एएनसी', 500 च्या खाली गेला की साध्या जंतूनेही जीवावर बेतू शकतं. मग बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, हळूहळू जागा होतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काउंट वर यायला लागतात. पुढे बोन मॅरोची तपासणी होते आणि रोग आटोक्यात आला का ते कळतं. रुग्णालयात राहायचं ते या मधल्या खड्ड्यासाठी.

हे आधी माहीत असलं तर दहाव्या दिवशी 'औषध संपलं तरी हा खालीच चाललाय' म्हणून घरचे खचत नाहीत. आणि एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो: डॉनोरुबिसिन लालसर-केशरी रंगाचं औषध आहे, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊ बाथरूममधून पांढराफटक होऊन बाहेर आला.

लिम्फोब्लास्टिक प्रकार, म्हणजे एएलएल असेल तर वेळापत्रक वेगळं असतं. उपचार दोन वर्षांच्या पुढे चालतात आणि त्यातला बराच भाग बाह्यरुग्ण म्हणून होतो. पण काउंट पडणं, ताप, रक्ताची धावपळ हे सगळं तिथेही आहेच.

ॲडमिशनच्या आधी डॉक्टरांना विचारायचं ते

हातात एकच दिवस असेल तरी हे प्रश्न सोडू नका.

पेशंट तरुण असेल तर पुढे मूल होण्याचं काय? केमोमुळे वंध्यत्व येऊ शकतं. पुरुषाला पहिल्या डोसच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. ते काही तासांचं काम आहे, पण औषध सुरू झाल्यावर ती वेळ गेलेली असते. बाईच्या बाबतीत जास्त दिवस लागतात आणि ल्युकेमियात तेवढी सवड बहुधा नसते, तरी विचारायचंच. आपल्याकडे हा विषय सासू-सासऱ्यांसमोर निघत नाही आणि मग राहूनच जातो. वहिनीने, म्हणजे भावाच्या बायकोने, दाराबाहेर डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, ते बरं झालं.

पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता आहे का? असेल तर सख्ख्या भावंडांनी रक्त द्यावं की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जो उद्या मॅरोचा दाता होऊ शकतो, त्याचं रक्त आधी पेशंटला चढवणं टाळतात. मी पहिल्याच दिवशी बाही वर करून रक्तपेढीत उभा होतो. तिथल्या तंत्रज्ञाने नातं विचारलं आणि परत पाठवलं.

हाताला रोज सुया टोचणार की पिक लाईन टाकणार? पिक लाईन म्हणजे दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवलेली बारीक नळी. महिनाभर तीच वापरतात. तिचं ड्रेसिंग आठवड्याला बदलावं लागतं आणि ती भिजता कामा नये.

दातात कीड, मूळव्याध, जुनी खोकल्याची ढास, चालू असलेल्या गोळ्या, गावठी औषध, काढा: काही लपवू नका. काउंट पडल्यावर किडका दात ही छोटी गोष्ट राहत नाही.

माणसांचं वेळापत्रक

एक कागद घ्या आणि चार कामं लिहा: वॉर्डात बसणारा, रक्त जमवणारा, पैसे-कागद बघणारा, घर सांभाळणारा. चारही कामांसमोर एकच नाव येत असेल तर ते नाव पंधराव्या दिवशी आडवं होणार, हे नक्की.

वॉर्डात बसायला किमान दोघं हवेत, आलटून पालटून. चार-पाच दिवसांनी बदली. रुग्णालयं बहुधा एकाच नातेवाइकाला पास देतात, आणि जनरल वॉर्डात रात्री पुरुष पेशंटजवळ पुरुषच, बाईजवळ बाईच, असा नियम अनेक ठिकाणी असतो. तो आधी विचारा. वहिनी सामान घेऊन रात्री मुक्कामाला आली आणि दारातून परतली, असं आमचं झालं. बसणारा ठणठणीत हवा. सर्दी, खोकला, जुलाब, नागीण यांपैकी काहीही असलेल्याने वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही, मग तो सख्खा बाप असला तरी. बीपी-शुगरच्या स्वतःच्या गोळ्या महिन्याच्या घेऊन या. पेशंटच्या नादात पहिली बुडते ती यांचीच गोळी.

फोन एकाच माणसाने घ्यायचे, तोही शक्यतो वॉर्डाबाहेरचा. आमच्याकडे ते काम पुण्याच्या आतेभावाकडे होतं. रोज रात्री आठ वाजता तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तीन ओळी टाकायचा. रिपोर्टचे फोटो टाकायचे नाहीत, हा नियम त्यानेच केला. गावात प्रत्येक घरात एक अर्धा डॉक्टर असतो आणि तो रिपोर्ट वाचून रात्री अकराला फोन करतो.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक. मुंबईपर्यंत आलेल्या मामाला खालीच थांबा कसं म्हणायचं? आम्ही सरळ एक वाक्य ठरवलं: "भेटायला येऊ नका, रक्त द्यायला या." कोणी रागावलं नाही. उलट बऱ्याच जणांना आपण नक्की काय करावं ते त्या वाक्यातून कळलं.

रक्त: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इंडक्शनमध्ये लाल रक्ताच्या पिशव्या लागतात, पण खरी धावपळ प्लेटलेटची. त्या दोन प्रकारे मिळतात. 'आरडीपी' म्हणजे दात्याच्या साध्या रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या. एका पिशवीने आकडा साधारण पाच ते दहा हजारांनी चढतो. 'एसडीपी' म्हणजे एकाच दात्याला मशीनला जोडून त्याच्या फक्त प्लेटलेट घेतात आणि बाकी रक्त त्याला परत देतात. एका एसडीपीने आकडा साधारण 30 ते 50 हजारांनी चढू शकतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असला तर तेवढा चढत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येतो. अशा वेळी आलेल्या दात्याला वाईट वाटू देऊ नका.

प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. 20 ते 24 अंशांवर हलत्या ट्रेमध्ये ठेवतात आणि पाच दिवसांतच वापराव्या लागतात. त्यामुळे आधीच साठा करून ठेवू, हे चालत नाही. दात्यांची रांग तयार ठेवायची आणि लागेल तसा एकेकाला बोलवायचा. ताप-रक्तस्राव नसला तर आकडा दहा हजारांच्या खाली गेल्यावर साधारणपणे प्लेटलेट देतात. आकडा वीस हजारांवर आला की आम्ही पुढच्या दात्याला फोन करून ठेवायचो.

एका वहीत दात्यांचे रकाने आखा: नाव, रक्तगट, वय, वजन, फोन, मुंबईत कुठे राहतो, शेवटचं रक्तदान कधी, एसडीपी देऊ शकेल का. एसडीपीसाठी दाता सुदृढ, पन्नास किलोच्या वर, हाताच्या शिरा ठळक असलेला आणि स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असलेला लागतो. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं चालत नाही. गेल्या वर्षभरात टॅटू काढलेलाही चालत नाही, त्यामुळे आमच्या यादीतली तालमीतली निम्मी पोरं गळाली. मशीनवर दीड-दोन तास जातात, त्याआधीच्या तपासण्या वेगळ्या. दात्याला अर्धा दिवस मोकळा ठेवून यायला सांगा. साधं रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं. एसडीपी मात्र 48 तासांनी पुन्हा देता येते, तरी एकालाच पिळून काढू नका.

दात्याने उपाशी येऊ नये, पण तेलकटही खाऊन येऊ नये. आमचा एक दाता सांगलीहून रात्रीच्या गाडीने आला. निघताना मटणाचं जेवण आणि दादरला उतरल्यावर दोन वडापाव. रक्त काढलं तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं. चरबी उतरल्याशिवाय प्लेटलेट घेता येणार नाहीत म्हणून बिचाऱ्याला परत पाठवलं. तेव्हापासून आम्ही निरोपातच लिहायचो: आदल्या रात्री वरणभात, सकाळी पोहे नाहीतर इडली, भरपूर पाणी, झोप पूर्ण.

दाते कुठून आणायचे? मुंबईत प्रत्येक तालुक्याची माणसं आहेत. लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांकडे रक्तदात्यांच्या याद्या असतात. गावचं मुंबईकर मंडळ, कॉलेजची एनएसएस, भावाच्या कारखान्यातले सहकारी, सगळ्यांना विचारा. रुग्णालयाच्या आवारात "पाच हजार द्या, डोनर देतो" म्हणणारे फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे आणि तसं रक्त धोक्याचंही असतं.

पैसे आणि कागद

झेरॉक्सचे दहा संच करा: पेशंट आणि जोडीदाराचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, निदानाचा रिपोर्ट, बँक पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो. मूळ कागद वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल कोणाच्याही हातात देऊ नका. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्येही असू द्यात. उत्पन्नाचा दाखला गावाकडे राहिलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी काढायला टाकावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: 2023 च्या निर्णयानंतर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्ड असलेलेही त्यात आले. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी बघा. असेल तर आत आरोग्यमित्राची खिडकी असते, तिथे ॲडमिशनच्याच दिवशी उभे राहा. मंजुरी यायच्या आधी केलेला खर्च परत मिळेल, असं धरून चालू नका. चौकशीचा टोल फ्री क्रमांक 155388. पॅकेजमध्ये काय बसत नाही, हे आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा. आम्हाला बुरशीवरची महागडी इंजेक्शनं बाहेरून आणावी लागली, आणि त्या तीन दिवसांनी आमचं सगळं गणित बदललं.

मुख्यमंत्री सहायता निधीची मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, म्हणून अर्ज सुरुवातीलाच करा. खासगी धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथे 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव ठेवणं बंधनकारक आहे. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. हे पद कुठल्या कोपऱ्यात बसतं ते शोधणं, हे माझ्या मते ॲडमिशननंतरचं पहिलं काम. ट्रस्ट, औषधांची मदत, धर्मशाळेची चिठ्ठी, सगळं त्या टेबलावरून जातं.

खासगी विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा वाचा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर अनेक पॉलिसींत नुसत्या भाड्यातच नाही, इतर बऱ्याच बिलातही त्याच प्रमाणात कात्री लागते. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, कापली जात असेल तर कर्करोगासाठी वाढीव आजारपण लाभ आहे: अट पुरी होत असल्यास पगाराच्या 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. पीएफमधूनही आजारपणासाठी उचल मिळते.

रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. त्याचा छापील नमुना रुग्णालयातून भरून शिक्का मारून घ्या. एसटीची सवलत आगारात विचारा.

आता नको वाटणारा विषय. पेशंटच्याच खात्यात पैसे असतील तर ते काढणार कोण? केमो सुरू झाल्यावर हात थरथरतात, सही जुळत नाही, आणि त्या अवस्थेत बँकेचा विषय काढणं म्हणजे काहीतरी अशुभ सुचवल्यासारखं वाटतं. ॲडमिशनच्या आदल्या दिवशी, माणूस बसून बोलतोय तेव्हा, खातं जोडनावावर करा, चेक सही करून घ्या. भावाने स्वतःच विषय काढला. म्हणाला, "उसाची तोड आली तर मुकादमाला पैसे कोण देणार? बस, लिहून घे." मग आम्ही सोसायटीचं कर्ज, गॅसचा नंबर, मोटारीचं वीजबिल, सगळंच लिहून घेतलं.

नातेवाइकांनी राहायचं कुठे

टाटा मेमोरियलमध्ये उपचार असतील तर परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, वांद्र्याला रुग्णालयाचंच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम आहे. मूल आजारी असेल तर सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांची चौकशी करा, तिथे आईवडिलांसह मोफत राहता येतं. सगळीकडे प्रतीक्षा यादी असते, म्हणून नाव आजच घाला. ट्रान्सप्लांटचा विभाग परळला नाही, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आहे. खोली भाड्याने घेण्याआधी कुठे जावं लागणार ते विचारा.

आणि मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरची रुग्णालयं आहेत. एएमएलच्या इंडक्शनसाठी अनुभवी टीम आणि चोवीस तास रक्तपेढी हवी. ते जिथे आहे आणि घर जिथून जवळ आहे, ते ठिकाण माझ्या हिशेबी बरं.

आता बॅग

पुढून बटणाचे, सैल बाह्यांचे सुती शर्ट चार-पाच. पिक लाईन असल्यावर टी-शर्ट डोक्यातून घालता येत नाही. नाडीचे पायजमे. मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल, कारण प्लेटलेट कमी असताना बाथरूममध्ये पडणं फार महागात जातं. दाढीला ब्लेड नाही, बॅटरीचा ट्रिमर. अगदी मऊ टूथब्रश. ओठांना लावायला व्हॅसलिन. डिजिटल थर्मामीटर स्वतःचा. मास्क, हात चोळायचं सॅनिटायझर. सुती टोपी, कारण दोन-तीन आठवड्यांत केस जातात आणि वॉर्डात एसी असला तर टकलाला गार लागतं. केस आधीच बारीक कापून आणा, उशीवर पुंजके बघण्यापेक्षा ते सोपं.

झाकणाची पाण्याची बाटली, एकट्यासाठीची ताट-वाटी-चमचा, थर्मास. चार्जरची तीन मीटरची वायर, इअरफोन. नखं घरीच कापून या. सोनं, अंगठी, करदोडा घरी ठेवा.

बसणाऱ्यासाठी: चटई, हवेची उशी, शाल, साखळी-कुलूप, सुट्टे पैसे.

फुलं, कुंडी, फळांची करंडी आणायची नाही. अंगाऱ्याचा प्रश्न आम्हाला पडला. आईने ज्योतिबाचा अंगारा पाठवला होता. सिस्टरला विचारलं तर त्या म्हणाल्या, पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उशाशी ठेवा, तोंडात काही घालू नका. तीर्थ, पंचामृत मात्र अजिबात नाही, त्यातलं पाणी आणि दूध कच्चं असतं. आईला तसं समजावून सांगितलं. तिलाही पटलं.

खाणं

काउंट खाली असताना नियम एकच: शिजवलेलं, ताजं, गरम. कोशिंबीर नाही, कच्ची चटणी नाही, वरून पेरलेली कोथिंबीर नाही, बाहेरचा रस नाही, उसाचा तर नाहीच. द्राक्षं-सफरचंद अशी सालीसकट खायची फळं बंद. जाड सालीचं केळं-मोसंबं चालेल का ते तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारा. दही-ताकाबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात, म्हणून तेही विचारून. पाणी उकळून गार केलेलं. प्रेशर कुकरमधला मऊ भात, मुगाचं वरण, शिरा, उकडलेलं अंडं, दुधी-भोपळ्याची भाजी. दोन तासांपेक्षा जास्त वेळ डब्यात राहिलेलं टाकून द्या, जीवावर आलं तरी.

तोंड आलं की पाणीसुद्धा झोंबतं. डॉक्टर सांगतील तशा मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चार-पाच वेळा, तोंड यायच्या आधीपासूनच सुरू करा. तिखट बंद. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे केमोपेक्षा कठीण जातं.

आणि पपईची पानं. डेंग्यूच्या साथीपासून महाराष्ट्रात प्लेटलेट म्हटलं की पपईच्या पानांचा रस सांगणारे दर मजल्यावर भेटतात. त्यामागोमाग गव्हांकुर, किवी, कुठल्याशा वैद्याची पुडी. डेंग्यूत प्लेटलेट पडतात ते कारण वेगळं, इथे बोन मॅरोच बंद आहे. न्यूट्रोफिल शून्याजवळ असताना धुतलेला-न धुतलेला पाला कच्चा वाटून पाजणं म्हणजे जंतू हाताने आत पाठवणं. भांडत बसू नका. "डॉक्टरांना विचारतो" म्हणा आणि विषय संपवा.

वॉर्डातली वही

शंभर पानी वही, रोज एक पान. वर तारीख आणि केमोचा कितवा दिवस. खाली चार वेळा ताप, त्या दिवसाचे काउंट, किती पाणी प्यायला, लघवी-शौच, कुठली पिशवी चढली, डॉक्टर काय म्हणाले. निवासी डॉक्टर बदलत राहतात. रात्री नवीन आलेल्या डॉक्टरने "कालपासून थंडी किती वेळा वाजली?" विचारलं तर वही उत्तर देते. सकाळच्या राउंडला दोनच मिनिटं मिळतात, म्हणून आदल्या रात्री तीन प्रश्न लिहून ठेवा, सर्वांत महत्त्वाचा वर.

आमच्या वहीत बारानंतर थेट चौदा आहे. 'तेरावा दिवस' असं लिहायला माझा हात धजला नाही. भावाने ते पान उलटून बघितलं आणि हसून म्हणाला, "दादा, तेराव्याचं जेवण चुकवलंस का?" त्या आठवड्यात तो हसला तो तेवढाच.

ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की लगेच सिस्टरला सांगा. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप चढायचीही वाट बघू नका. स्वतःजवळची क्रोसिन देऊ नका. ताप दबला तर जंतुसंसर्ग लपतो. नाकातून रक्त, काळी शौच, अंगावर लाल ठिपके, अचानक डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ, बद्धकोष्ठ, शौचाच्या जागी दुखणं: लाजायचं नाही, सांगायचं. सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉयची नावं पहिल्या दिवशी विचारून घ्या. नावाने हाक मारलेली त्यांनाही बरी वाटते.

घरातल्या पोरांना काय सांगायचं? पुतणी तिसरीत होती. तिला आम्ही "बाबा कामाला गेलेत" सांगितलं, ती चूक झाली. शाळेत दुसऱ्याच मुलीने तिला खरं सांगितलं. मग व्हिडिओ कॉलवर भावाने टोपी काढून डोकं दाखवलं आणि रक्त आजारी आहे, औषधाने केस गेलेत, पुन्हा येतील, असं स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने टकलू बाबांचं चित्र काढून पाठवलं.

सुट्टी मिळाल्यावर लगेच गावी पळू नका

इंडक्शननंतर रोग आटोक्यात आला तरी उपचार संपत नाहीत. कन्सॉलिडेशनच्या, म्हणजे उरलासुरला रोग पुसून काढणाऱ्या केमोच्या, आणखी काही फेऱ्या असतात, आणि दर फेरीत काउंट पुन्हा पडतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी खोली सोडू नका आणि दात्यांची वही फेकू नका. मधल्या दिवसांत रुग्णालयापासून तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी राहा. आम्ही घाईने इस्लामपूरला गेलो, सहाव्या रात्री ताप आला, आणि पहाटेपर्यंत घाटातल्या ट्रकांमागे रांगत मुंबईला आलो.

घरी सोडताना हे लिहून घ्या: रात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि रुग्णालयाच्या कोणत्या दाराने आत यायचं, पिक लाईनचं ड्रेसिंग आणि फ्लश (नळी आतून धुणं) कोण, कुठे, कोणत्या वारी करणार, पुढचे काउंट कधी तपासायचे आणि कोणत्या आकड्याला लगेच परत यायचं. तो कागद आम्ही फ्रीजवर लावला, आणि त्याच्या शेजारी रात्री गाडी घेऊन येऊ शकणाऱ्या दोघांचे नंबर.